खरेमास्तरांच्या मुली

बहिणी-बहिणींनी वाढत जाऊन बाई होण्याची कथा म्हटली की मराठी वाचकाला ‘चौघीजणी’ आठवते. लुइसा मे ऑल्कॉट यांची ‘लिटल विमेन’ ही कादंबरी अमेरिकेत १८६८ आणि १८६९ अशा दोन भागांत निघाली आणि पुढे शान्ता शेळके यांनी ती मराठीत आणल्यामुळे मेग, ज्यो, बेथ आणि एमी या मार्च भगिनी इकडच्या मुलींनाही ओळखीच्या झाल्या. मुलीचे बालपण सरून तिला स्वतःचे मत आणि स्वतःची मिळकत येईपर्यंतचा काळ रंगवणाऱ्या अशा लेखनाला घडणीची कादंबरी म्हणता येईल. या जातीची एक कथा शिरूर तालुक्यातही घडली आणि ती लिहिलीही गेली, हे मात्र सहसा कोणाच्या लक्षात येत नाही.

पुणे-नगर रस्ता कोरेगाव भीमा ओलांडून पुढे तालुक्याच्या गावी, म्हणजे शिरूरला पोहोचतो; जुनी माणसे त्याला घोडनदी म्हणतात. शिरूरच्या छावणीतून निघालेली पलटण १ जानेवारी १८१८ रोजी कोरेगावात लढली, त्यामुळे हा रस्ता इतिहासाच्या पुस्तकांत आहे. त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी घोडनदीच्या एका शिक्षकाच्या मुली शिकण्यासाठी पुण्याकडे गेल्या, त्याची नोंद इतिहासाने नव्हे, कादंबरीने ठेवली.

ते शिक्षक म्हणजे अनंतराव खरे. त्यांच्या पत्नी इंदिराबाई यांनी तब्बल पंचवीस वर्षे दुधाचा व्यवसाय यशस्वीपणे चालवला, म्हणजे या घरातल्या मुलींनी बाईच्या हाती पैसा खेळताना लहानपणापासून पाहिला होता, आणि त्या काळच्या पांढरपेशा घरात ही गोष्ट शाळेइतकीच शिकवणारी होती. १९०५ साली जन्मलेली त्यांची मुलगी बाळूताई धोंडो केशव कर्वे यांच्या हिंगण्याच्या संस्थेतील वसतिगृहात गेली. कर्वे यांनी १८९६ मध्ये विधवांसाठी आश्रम काढला, १९०७ मध्ये महिला विद्यालय सुरू केले आणि १९१६ मध्ये महिला विद्यापीठ स्थापले. तिथे मराठीतून शिकून मिळणाऱ्या पदवीला ‘गृहीतागमा’ असे भारदस्त नाव होते. मुलीच्या विवाहाचे किमान वय चौदा ठरवणारा शारदा कायदा १९२९ चा, म्हणजे बाळूताईच्या शाळकरी वयात तिचे लग्न लांबवण्याला कायद्याचा आधार नव्हता आणि सारी भिस्त बापाच्या हिमतीवर होती. शिवाय थोरलीचे उरकल्याशिवाय धाकटीचे बघायचे नाही, या रिवाजामुळे एका मुलीला शिकू देणे म्हणजे तिच्या पाठच्या सगळ्याच बहिणींची लग्ने टांगणीला लावणे, असा हिशेब शेजारीपाजारी मांडला जाई.

येथेच ऑल्कॉटशी तुलना उपयोगी पडते. तिचे वडील ब्रॉन्सन हेही शिक्षकच, आणि प्रयोगशील. पण कादंबरीत तिने वडिलांना धर्मोपदेशक म्हणून युद्धावर धाडून दिले आणि त्यांच्या गैरहजेरीत मुली वाढवल्या. आजारी वडिलांकडे निघालेल्या आईच्या हाती पैसे असावेत म्हणून ज्यो आपले लांबसडक केस पंचवीस डॉलरला विकून येते, ते कोणाला न विचारता. घोडनदीच्या कथेत बापाला असे दूर पाठवण्याची सोय नव्हती, कारण मुलीच्या वाढीचा दरवाजा उघडायचा की लावायचा हे त्याच्याच हातात होते.

शिकून नोकरीला लागलेल्या बाळूताईने १९३३ मध्ये ‘विभावरी शिरूरकर’ या नावाआडून ‘कळ्यांचे निःश्वास’ हा कथासंग्रह प्रसिद्ध केला आणि मराठीत खळबळ उडाली. शिकलेल्या, मिळवत्या, तरीही अविवाहित राहिलेल्या मुलींची कोंडी त्यात आहे. ‘बाबांचा संसार माझा कसा होणार?’ या कथेचे शीर्षकच लेकीच्या कमाईवर चालणाऱ्या घराला जाब विचारते. विश्राम बेडेकरांशी विवाह होऊन मालती बेडेकर झालेल्या याच लेखिकेने १९५३ मध्ये आपल्या वडिलांच्या जीवनावर ‘खरेमास्तर’ ही चरित्रात्मक कादंबरी लिहिली. एकीकडे बापाच्या संसाराला जाब आणि दुसरीकडे बापाच्या धडपडीची कृतज्ञ नोंद, यांत विसंगती शोधण्याचे कारण नाही. ज्या शिक्षणाने मुलीला प्रश्न विचारता आला ते बापानेच दिले होते, आणि मुलीला शिकवणारा बाप पुढच्या प्रश्नांना तयार असतोच असे नाही.

मात्र मुलींच्या घडणीची ही कादंबरी बापाच्या नावाने यावी, हे विचार करण्याजोगे आहे. रमाबाई रानडे यांच्या १९१० मधल्या आठवणींतही पान-पान त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे यांनी व्यापले आहे. स्वतःविषयी बोलायचे तर वडील किंवा पती यांच्या आडून, ही वाट मराठी लेखिकांनी दीर्घकाळ धरली होती. खरे भगिनींपैकी कृष्णाबाई, म्हणजे प्रकाशक ह. वि. मोटे यांच्या पत्नी, यांनी ‘दृष्टीआडच्या सृष्टीत’ हे आत्मचरित्र लिहिले, आणि ते टोपणनावाने नव्हे, स्वतःच्या नावाने.