सहा महिन्यांची ढाल

"सहा मयने पोरगा बेस होता जी." धानोरा तालुक्यातल्या एका उपकेंद्राच्या ओट्यावर ती आई एवढंच बोलली आणि लेकराचे सुजलेले पंजे तिनं माझ्यापुढे धरले.

गडचिरोलीतली सिकलसेल या रक्ताच्या आजाराची तपासणी बघायला मी गेले होते. आत बोटातून थेंबभर रक्त काढून द्रावणात मिसळत होते. गंधकाचा दर्प नाकात बसत होता. पाच मिनिटांनी तपासणाऱ्या ताई काचेची नळी काळ्या रेघांच्या कागदापुढे धरत. रेघा दिसल्या तर ठीक. गढूळ झालं तर रुग्ण की वाहक हे ठरवायला नमुना एचपीएलसी या प्रयोगशाळेतल्या तपासणीला जाई. एका मुलीच्या नळीमागच्या रेघा बघता बघता पुसट झाल्या. ताई गप्प राहिल्या, चिठ्ठीवरचं नाव मात्र दोनदा वाचलं.

बीटा ग्लोबिन या हिमोग्लोबिनच्या घटकाच्या जनुकात एका 'ए' अक्षराच्या जागी 'टी' येणं हे या आजाराचं मूळ. हा बदल आईवडील दोघांकडून आला तर रुग्ण, एकाकडून आला तर वाहक. वाहकाला जीवघेण्या मलेरियापासून संरक्षण मिळतं, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. मलेरियाच्या मुलखात हा बदल टिकला तो म्हणूनच.

पण सहा महिनेच का? पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन गॅमा ग्लोबिनचं असतं, त्यात बीटा नसतो, म्हणून ते ढाल होतं. जन्मानंतर गॅमा जनुकाच्या तोंडाशी, 'जी'च्या आधी येणाऱ्या 'सी' अक्षरांवर मिथाइलचे गट बसतात, काही प्रथिनं साथ देतात आणि जनुक मिटतं. हेच मिथाइल पिढ्यान्‌पिढ्या अक्षरंही झिजवतं: मिथाइल बसलेला 'सी' सहज 'टी' होतो. त्यामुळे सस्तन प्राण्यांच्या जनुकसंचात 'सीजी' ही जोडी अपेक्षेच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याइतकी उरली आहे. सिकलसेलचा बदल त्या झिजेतला नव्हे. पण लेकराची ढाल काढून घेण्यात मिथाइलचा हात आहे. १९८२ मध्ये थॅलेसेमियाच्या एका रुग्णाला मिथाइल उतरवणारं औषध दिलं, तेव्हा मिटलेला गॅमा पुन्हा बोलू लागला. आज रुग्णांना मिळणारी हायड्रॉक्सियुरियाची गोळीही, वेगळ्या वाटेनं का होईना, गॅमाच वाढवते.

त्या आईनं यातलं काही वाचलेलं नव्हतं, तरी तिचा हिशेब बिनचूक होता. सहा महिने.

आणि त्या सहा महिन्यांत रुग्ण बाळाच्या नळीमागच्या रेघाही स्वच्छ दिसू शकतात, कारण रक्तात अजून गॅमा बराच असतो. आईवडील दोघं वाहक असतील, तर त्या रेघांवर विसंबू नका. जन्मताच बाळाच्या टाचेतून रक्त घेऊन एचपीएलसी करायला सांगा.