बॅजर मारून गाईंचा क्षय थांबतो का?

१९७१ साली इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरशरमध्ये एका मेलेल्या बॅजरच्या शरीरात गाईंच्या क्षयाचे जंतू सापडले आणि काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या तोंडाचा हा निशाचर आरोपी ठरला. १९९२च्या कायद्याने त्याला आणि त्याच्या बिळालाही संरक्षण आहे. तरी २०१३पासून परवाने देऊन २ लाखांहून अधिक बॅजर मारले गेले. त्याआधीच्या सरकारी चाचणीत (१९९८ ते २००५) सुमारे ११ हजार मारले, तेव्हा त्या टापूत गुरांचा क्षय घटला, पण हद्दीलगत वाढला. कारण कुटुंबं विस्कटल्यावर उरलेले बॅजर दूरवर भटकू लागले. गोठ्यातली बाधित गाय कापायला द्यावी लागते, ते शेतकऱ्याचं दुःख खरंच आहे. पण शेंगदाणे ठेवलेल्या पिंजऱ्यात बॅजर धरून, बीसीजी टोचून सोडूनही देता येतो. ही लस २०१०पासून हाताशी होती.