चरबी किती, व्रण किती

सकाळी ८
इंदूरच्या प्रयोगशाळेत रात्रभर प्रोसेसरमध्ये असलेला टोंकखुर्दचा नमुना बाहेर निघतो. मधुमेही शेतकरी, यकृताची बायोप्सी. काल तुकडा मोजला तेव्हा 2 सेंटिमीटर भरला, बरं वाटलं. सुईत येतो तो अख्ख्या यकृताचा जेमतेम पन्नास हजारावा भाग, आणि फॅटी लिव्हरचा आजार सगळीकडे सारखा पसरलेला नसतो. तुकडा आखूड असेल तर खरी अवस्था हातून निसटते.

९
मायक्रोटोमवर 4 मायक्रॉनचे काप पडू लागतात.
“मॅडम, जादा काप ठेवू?”
“ठेवा. ट्रायक्रोम आणि रेटिक्युलिन दोन्ही रंगक्रिया लागतील.”
ब्लॉक पुन्हा लावला की समतल करण्यातच कितीतरी टिश्यू वाया जातो.

११
पहिली स्लाइड. चरबी झायलीनमध्ये केव्हाच विरघळली. पेशींत उरल्या आहेत गोल, रिकाम्या जागा. त्या 5 ते 33 टक्के पेशींत असतील तर 1 गुण, 66 पर्यंत 2, पुढे 3. इथे निम्म्या पेशींत आहेत, म्हणजे 2. दाहाचे पुंजके विरळ, 1. खरा वेळ जातो तो फुगलेल्या पेशी ठरवण्यात. यावर अनुभवी डोळ्यांचंही एकमत होत नाही, म्हणून शेजारच्या सरांना बोलावते. तेही म्हणतात, मोजक्याच आहेत. आणखी 1.

बेरीज 4, कमाल 8 पैकी. 2005 साली क्लायनर आणि सहकाऱ्यांनी मांडलेली ही मोजणी औषधांच्या चाचण्यांसाठी उत्तम. पण निदान तिच्यावर सोडायचं नसतं.

दुपारी ३
ट्रायक्रोम आलं. व्रणाचे तंतू निळे दिसतात. मध्यशिरेभोवती खुराड्याच्या जाळीसारखी निळी वीण, आणि तिथून पोर्टल भागापर्यंत सलग पट्टे. गाठी अजून नाहीत. 4 पैकी तिसरी अवस्था. चौथी म्हणजे सिरोसिस. बेरीज मधली आणि व्रण इतका पुढे गेलेला! रुग्णांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करणारे अभ्यास हेच सांगतात की आयुष्याचा अंदाज व्रणावरून बांधावा. म्हणून रिपोर्टची पहिली ओळ व्रणाची. चरबी त्यानंतर.

५
पोटविकारतज्ज्ञांशी फोनवर बोलणं झालं. आता वजन उतरवणं, साखर आटोक्यात ठेवणं आणि नियमित तपासण्या. 10 टक्के वजन घटलं तर व्रणही मागे हटू शकतो, हे मला फार मोलाचं वाटतं.

६
रिपोर्ट घ्यायला मुलगा आला. देवासच्या पवारांच्या काळात माळव्यात स्थिरावलेलं मराठी घर.
“मॅडम, बाबांनी दारूला कधी हात लावला नाही. गावात लोक काय म्हणतील?”
1980 मध्ये मेयो क्लिनिकच्या लुडविग यांनी या आजाराला नाव दिलं, ते न पिणाऱ्यांच्या यकृतातही दारू पिणाऱ्यांसारखंच चित्र दिसलं म्हणून. त्याला सांगते, “हा मधुमेहाशी, वजनाशी जोडलेला आजार आहे. गावात तसंच सांगा.”

मग विचारते, घरात आणखी कुणाला साखर आहे का. धाकट्या काकांना आहे. अशा रुग्णाच्या रक्ताच्या नात्यात धोका जास्त असतो. वय, एसजीओटी, एसजीपीटी आणि प्लेटलेट, एवढ्यावर व्रणाचा अंदाज देणारा फिब-4 चा आकडा निघतो. सुई लागत नाही. भारताने 2021 मध्ये फॅटी लिव्हर राष्ट्रीय कार्यक्रमात घेतलं, पण मधुमेह्याचा हा आकडा तालुक्यातच निघाला पाहिजे. चिठ्ठीवर तिन्ही तपासण्या लिहून देते. “काकांना याच आठवड्यात न्या, आणि आकडे मला फोनवर कळवा.”