मांजराच्या अंगावर गाठ: थांबावे की दाखवावे?

भंडारा जिल्ह्यातल्या साकोली तालुक्यातील सानगडी हे जुन्या किल्ल्याचे, तलावांचे आणि धानाच्या शेतीचे गाव. अशा गावात मांजर हौसेपेक्षा गरजेपोटीच जास्त घरात येते. धानाची पोती रचली की उंदीर येतात आणि उंदरांमागे मांजर येते. मग ते चुलीजवळ झोपू लागते, दुधाच्या वेळेला पायात घोटाळू लागते आणि बघता बघता घरचे होऊन जाते. एखाद्या संध्याकाळी त्याच्या पाठीवरून किंवा पोटावरून हात फिरवताना बोटांना काहीतरी टणक लागते. काल होते का हे? कोणालाच आठवत नाही. कोणी म्हणते काटा रुतला असेल, कोणी म्हणते भांडणात लागले असेल, आणि ‘बघू आठ दिवस’ यावर विषय संपतो.

बऱ्याचदा हे आठ दिवस थांबणे निभावूनही जाते. पण काही गाठींच्या बाबतीत याच थांबण्याची किंमत मांजराला जिवाने मोजावी लागते. त्यामुळे कोणत्या गाठीसाठी थांबता येते आणि कोणत्या गाठीसाठी नाही, एवढे तरी घरच्यांना माहीत असायला हवे.

गाठ नसलेल्या ‘गाठी’

आधी घाबरण्याचे कारण नसलेल्या गोष्टी पाहू. मांजराच्या पोटावर साधारणपणे आठ स्तनाग्रे असतात आणि ती बोक्यालाही असतात. केसांत लपलेले स्तनाग्र अनेकांना पुळी वाटते. छातीच्या मधल्या हाडाचे खालचे टोक बारीक मांजरात हाताला टणक लागते. मागच्या पायांच्या पुढे लोंबणारी पोटाची सैल कातडीही नैसर्गिकच असते. कानामागे किंवा मानेवर चिकटलेली, रक्त पिऊन फुगलेली गोचीड तर हमखास फसवते. केस बाजूला सारून उजेडात पाहिले की हे प्रश्न तिथेच सुटतात.

दोन-चार दिवसांत आलेली, गरम आणि दुखरी

बाहेर फिरणाऱ्या मांजरात, विशेषतः नसबंदी न केलेल्या बोक्यात, अचानक आलेल्या गाठीचे सर्वांत नेहमीचे कारण म्हणजे चाव्यातून झालेले गळू. मांजराचे सुळे बारीक आणि टोकदार असतात. ते कातडीत खोल जातात, पण वरची जखम लगेच मिटते. आत गेलेले जिवाणू तिथेच वाढतात आणि दोन ते चार दिवसांत पू साचतो. जागा गरम लागते, हात लावताच मांजर गुरगुरते, सुस्त होते आणि खाणे सोडते. चेहरा, पुढचे पाय आणि शेपटीचे मूळ या तिच्या ठरलेल्या जागा.

असे गळू घरी पिळू नये. पिळल्याने पू आणखी खोल पसरू शकतो. डॉक्टर त्याला योग्य ठिकाणी छेद देतात, आतून धुतात आणि गरजेप्रमाणे प्रतिजैविके देतात. गळू आपोआप फुटले तरी काम संपत नाही. पावसाळ्यात उघड्या जखमेवर माश्या अंडी घालतात आणि एक-दोन दिवसांत आत अळ्या पडतात. बरे वाटले म्हणून औषध मध्येच बंद केले तर गळू पुन्हा भरते.

पोटाखालची गाठ: इथे थांबू नये

भाटीच्या, म्हणजे मादी मांजराच्या, स्तनाजवळ हरभऱ्याएवढी टणक गाठ लागली तर मात्र दिवस मोजत बसण्यात अर्थ नाही. कुत्रीच्या स्तनातील गाठींपैकी बऱ्याच साध्या निघतात. मांजरात चित्र उलटे आहे. मांजराच्या स्तनातील सुमारे ८५ ते ९० टक्के अर्बुदे कर्करोगाची असतात. ती लसिकाग्रंथींत आणि फुप्फुसांत पसरतात. मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या भाटींत हा आजार जास्त दिसतो.

या आजारात गाठीचा आकार फार महत्त्वाचा ठरतो. २ सेंटिमीटरपेक्षा लहान, म्हणजे साधारण एका रुपयाच्या नाण्याच्या आत असलेली गाठ काढली, तर अनेक मांजरे त्यानंतर तीन वर्षे किंवा त्याहून अधिक जगतात. गाठ ३ सेंटिमीटरच्या पुढे, म्हणजे दहा रुपयांच्या नाण्याहून मोठी झाल्यावर शस्त्रक्रिया केली, तर हा काळ अनेकदा काही महिन्यांवर येतो. ‘वाढते का ते पाहू’ म्हणत घालवलेले दोन-तीन महिने हेच या दोन नाण्यांमधले अंतर असू शकते.

याला एक अपवाद आहे. तरुण भाटी पहिल्यांदा माजावर आल्यावर, गाभण असताना किंवा तिला संततिनियमनाची संप्रेरके दिल्यावर काही वेळा सगळेच स्तन एकदम फुगतात. दिसायला हे भयंकर असले तरी तो कर्करोग नसतो. पण हा फरक हाताने चाचपून घरी ठरवता येत नाही. पिलांना पाजणाऱ्या मांजरीचा एखादा स्तन लाल, गरम आणि दुखरा झाला असेल तर तो स्तनदाह असू शकतो. त्यावरही लगेच उपचार लागतात.

या कर्करोगावरचा सर्वांत स्वस्त उपाय तो होण्याआधीचा आहे. भाटीची नसबंदी सहा महिन्यांच्या आत केली तर स्तनाच्या कर्करोगाचा धोका सुमारे ९१ टक्क्यांनी आणि वर्षाच्या आत केली तर सुमारे ८६ टक्क्यांनी कमी होतो, असे २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात आढळले. दोन वर्षांनंतर केलेल्या नसबंदीचा या बाबतीत फारसा फायदा दिसला नाही. पिले नकोत म्हणून वारंवार संप्रेरकांच्या गोळ्या किंवा इंजेक्शने दिल्याने मात्र हा धोका वाढतो.

लस टोचल्या जागेची गाठ

लस दिल्यावर त्या जागी छोटी गाठ येऊ शकते. ती बहुधा काही आठवड्यांत विरते. क्वचित, दहा हजार लसींमागे एक किंवा त्याहूनही कमी वेळा, अशा जागी मांसार्बुद नावाचा कर्करोग होतो. १९९१ साली अमेरिकेतील पशुवैद्यकांनी याकडे पहिल्यांदा लक्ष वेधले. त्यातून डॉक्टरांनी ‘३-२-१’ हा नियम बसवला आहे. गाठ ३ महिन्यांनंतरही टिकली, २ सेंटिमीटरपेक्षा मोठी झाली किंवा लसीनंतर १ महिना उलटूनही वाढतच राहिली, तर तिचा तुकडा तपासायचा. या दुर्मीळ धोक्यापायी रेबीजची लस टाळणे मात्र शहाणपणाचे नाही. रेबीज मांजरालाही होतो, मांजराकडून माणसालाही होतो आणि लक्षणे दिसू लागल्यावर त्यावर इलाज उरत नाही.

सुईचे एक टोक

कातडीखालची गाठ चरबीची असू शकते, तेलग्रंथीची पुटी असू शकते किंवा अर्बुदही असू शकते. अनुभवी डॉक्टरही फक्त हात लावून खात्रीने सांगू शकत नाहीत. त्यासाठी बारीक सुई गाठीत घालून थोड्या पेशी ओढतात, काचपट्टीवर पसरतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला काही मिनिटे लागतात आणि बहुतेक वेळा भूलही द्यावी लागत नाही. त्यातून निदान झाले नाही तर गाठीचा तुकडा प्रयोगशाळेत पाठवतात. कर्करोगाची शंका असेल तर शस्त्रक्रियेआधी छातीचा एक्स-रे काढतात, कारण आजार फुप्फुसात पोहोचला असेल तर उपचारांचा विचारच बदलतो.

सानगडीच्या परिसरातून पहिली धाव पशुवैद्यकीय दवाखान्याकडेच असते. तिथले बहुतेक काम गाई-म्हशी आणि शेळ्यांचे असले तरी मांजर नेऊ नये असा काही नियम नाही. गळू, जखम, अळ्या यांवर तिथे उपचार होऊ शकतात. पशुवैद्यकीय सेवेसाठी १९६२ हा टोल फ्री क्रमांकही आहे. पुढच्या तपासण्या आणि शस्त्रक्रियेसाठी नागपूर गाठावे लागते. १९५८ साली सुरू झालेले नागपूर पशुवैद्यकीय महाविद्यालय तिथे आहे. साकोलीहून हे अंतर सुमारे १०० किलोमीटर. मांजर न्यायचे तर झाकणाची टोपली किंवा भोके पाडलेला खोका घ्यावा आणि त्यात घरातले जुने कापड अंथरावे. ओळखीच्या वासाने ते शांत राहते.

घरचे उपाय, घरचे धोके

गावात औषधे हाताशी असतात आणि मांजराच्या बाबतीत धोका तिथेच आहे. दुखते म्हणून पॅरासिटामॉल देणे हा सर्वांत घातक प्रकार. हे औषध पचवण्यासाठी लागणारी यकृतातील यंत्रणा मांजरात फार तोकडी असते. ५०० मिलिग्रॅमची एक गोळीही त्याच्या जिवावर बेतू शकते. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही माणसांची वेदनाशामकेही देऊ नयेत. जनावरांच्या गोचिडांवर फवारायचे औषध मांजराला लावू नये. त्यातली अनेक कीटकनाशके मांजराला झटके आणतात. फिनेल किंवा तत्सम जंतुनाशकाने जखम धुणे, गाठीवर बिब्बा किंवा चुना लावणे, गाठीला दोरा बांधणे हेही टाळावे. मांजर अंग चाटते, त्यामुळे वरून लावलेले सगळे शेवटी त्याच्या पोटात जाते.

दुखऱ्या गाठीला हात लावताना मांजर चावले किंवा त्याने ओरबाडले तर जखम लगेच साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी दवाखान्यात जाऊन रेबीजच्या लसीबद्दल विचारावे. मांजराचा कर्करोग मात्र माणसाला लागत नाही. त्या भीतीने त्याला घराबाहेर काढण्याचे कारण नाही.

तारीख लिहून ठेवावी

महिन्यातून एकदा, मांजर सुस्तावून पडलेले असताना, जबड्याखालून शेपटीपर्यंत आणि पोटाखालून दोन्ही बाजूंनी बोटे फिरवावीत. काही लागले तर जागा आणि तारीख कॅलेंडरवर लिहावी. शेजारी रुपयाचे नाणे ठेवून मोबाइलवर फोटो काढावा. वाटाण्याहून मोठी किंवा महिनाभर टिकलेली कोणतीही गाठ डॉक्टरांना दाखवावी. स्तनाजवळची गाठ असेल तर महिनाही थांबू नये. गाठ फुटली, तिच्यातून रक्त येऊ लागले, मांजराला धाप लागली किंवा त्याने दिवसभर काहीच खाल्ले नाही, तर त्याच दिवशी निघावे. काही दिवस उपाशी राहिलेल्या मांजराचे यकृतही बिघडू शकते.

प्रत्येक मांजर वाचेलच असे नाही. आजार पसरलेला असेल, वय झालेले असेल किंवा शस्त्रक्रियेचा खर्च झेपणारा नसेल, तर डॉक्टरांशी तसे मोकळेपणाने बोलावे. वेदना कमी ठेवणे आणि जखम स्वच्छ ठेवणे हाही उपचारच आहे. पण गाठ रुपयाच्या नाण्याएवढी होण्याआधी डॉक्टरांपर्यंत पोहोचली, तर घरच्यांच्या हातात बरेच काही उरते. मांजर आपले दुखणे लपवणारा प्राणी आहे. ते बोटांनी शोधण्याचे काम घरच्यांनाच करावे लागते.