जवारी आणि जकात

मिरजेच्या सतारमेकर गल्लीतील एका कारागिराच्या घरी परवा इफ्तारला गेलो होतो. खजूर, कलिंगडाच्या फोडी, भजी असा साधा दस्तरखान होता. मगरिबची नमाज झाली आणि घरातली मुलगी वही घेऊन समोर बसली. ती बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, सतारही शिकते.

"चाचा, जकातीचा हिशेब तपासून द्या. अब्बांचा नाही, माझ्या धंद्याचा."

"तुझा धंदा कधी सुरू झाला?"

"अजून व्हायचाय. पण हिशेब आधीच शिकलेला बरा."

मी हसलो, पण वही उघडली आणि गंभीर झालो. पहिल्या पानावर तिने घरातली अडचण मांडली होती. अब्बा वाद्य बनवतात, व्यापारी आधी उचल देतो आणि भावही तोच ठरवतो. उचल फिटत नाही, म्हणून भाव बोलता येत नाही. याच कारणाने तिचा मोठा भाऊ पुण्याला कंपनीत गेला. घरातील कलेचा वारस म्हणून आता ही एकटीच उरली आहे.

ही कला साधी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मिरजेतील शिकलगार, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, वाद्य दुरुस्तीकडे वळले. फरीदसाहेबांचे नाव या परंपरेत आदराने घेतले जाते. तलवारीची धार ओळखणारे हात तारांचा सूर ओळखू लागले. पंढरपूर-मंगळवेढा भागातून भोपळे येतात, दांडीला तुणीचे लाकूड लागते. सर्वांत अवघड काम जवारीचे. घोडीचा माथा कानसीने इतका हलका घासायचा की तार छेडताच सूर भरून यावा. त्याचे माप कुठल्याही पट्टीवर मिळत नाही, ते कानालाच कळते. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. मान मिळाला, पण त्याचा दाम कारागिराच्या हातात कसा यावा, हा या मुलीचा प्रश्न आहे.

तिचा बेत असा आहे. गल्लीतील चार-पाच कारागिरांची वाद्ये थेट शिकणाऱ्यांना आणि गायकांना विकायची. प्रत्येक वाद्यावर बनवणाऱ्याचे नाव घालायचे. लाकूड-भोपळ्यासाठी लागणारी रक्कम कर्ज-ए-हसना म्हणून, बिनव्याजी द्यायची. आणि दुरुस्त केलेली जुनी वाद्ये गरीब विद्यार्थ्यांना शिकण्यापुरती वापरायला द्यायची, मग ते कुठल्याही धर्माचे असोत.

संगीत आणि व्यवहार एकत्र आले की कला बाटते, असे काहींना वाटते. मिरजेचा इतिहास वेगळे सांगतो. पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर इथेच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे शिकले. पुढे 1901 मध्ये त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, ते राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या पाठबळावर. जाहीर जलशांतून येणारा पैसा ते विद्यालयाला लावत. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांनीही संगीत विद्यालय चालवले आणि विद्या लपवून ठेवली नाही. 1937 मध्ये ते गेले. ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात ते विसावले आहेत, आणि दरवर्षी तिथे गायक-वादक हजेरी लावतात.

संगीताबाबत उलेमांमध्ये मतभेद आहेत, हे मी नाकारत नाही. पण व्यापाराबाबत मतभेद नाही. प्रेषित मुहम्मद (स.) स्वतः व्यापारी होते, हजरत खदीजा (रजि.) यांचा माल घेऊन ते सीरियाला गेले होते. सचोटीचा व्यापार इस्लाममध्ये इबादतीच्या तोडीचा मानला आहे.

आता हिशेब. साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदीइतकी मालमत्ता वर्षभर राहिली की त्यावर अडीच टक्के जकात फर्ज होते. व्यापारात विक्रीसाठी ठेवलेला माल धरायचा. कारागिराची पटाशी, कानस, करवत ही हत्यारे धरायची नाहीत. देणी वजा करायची. समजा, शेवटी एक लाख रुपये उरले, तर जकात अडीच हजार. पोरीने हे सगळे बरोबर लिहिले होते.

चूक एकाच ठिकाणी होती. कारागिरांना द्यायची जादा रक्कम तिने जकातीच्या खात्यात टाकली होती.

मी म्हटले, "बेटा, हे खोड. मजुरी हा त्यांचा हक्क आहे. घाम वाळण्याआधी मजुराला त्याचे दाम द्या, ही प्रेषितांची शिकवण आहे. हक्काचे पैसे जकात म्हणून दिलेस, तर जकातही होणार नाही आणि मजुरीही बुडेल. आधी पुरा भाव दे. मग नफा उरला तर जकात काढ, आणि गरजूला दे."

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे नफा कमी दिसेल."

"दिसू दे. बरकत वेगळी असते."

तिचे अब्बा इतका वेळ ऐकत होते. त्यांना धंदा म्हणजे दलाली वाटते, कारण आजवर त्यांनी तेवढेच पाहिले. तरावीहून परतल्यावर त्यांनी एक तंबोरा समोर ठेवला, कानस हातात घेतली आणि पोरीला म्हणाले, "नजर आता पहिल्यासारखी नाही. तू ऐक आणि सांग, अजून घासू की थांबू?"

तिने तार छेडली, डोळे मिटले. "थोडं अजून, अब्बा."

आपण सारे रमजानमध्ये जकात काढतो. काढण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःला विचारावा. आपल्या दुकानातल्या पोऱ्याचे, घरकाम करणाऱ्या बाईचे, गवंड्याचे पुरे दाम आपण चुकते केले आहेत का? ते राहिले असतील, तर आधी ते द्यावेत. दानाची पायरी त्यानंतरची आहे.

त्या वहीतला धंदा उभा राहील की नाही, अल्लाहच जाणे. पण ईदच्या आधी त्या मुलीने ते पान खोडून नव्याने लिहिले आहे. तिच्या इराद्यात अल्लाह बरकत देवो. आमीन.