पंक्चर काढायचं की टायर बदलायचा?

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. आमच्या मोटारसायकलचं मागचं चाक महिन्यात तिसऱ्यांदा पंक्चर झालं. पंक्चरवाले चाचा ह्यांना म्हणाले, "आता टायरच बदला." ह्यांनी घरी विषय काढला तेव्हा मी डबा भरत होते. लेकीची फी, गॅस, किराणा सगळं डोळ्यांपुढे आलं आणि पटकन बोलून गेले, "पंक्चर काढून घ्या हो. टायरचं दिवाळीत बघू."

चार दिवसांनी ह्यांची दुसरी पाळी होती. साडेअकराला घरी येणारा माणूस एक वाजला तरी नाही. फोन लागेना. दीड वाजता फाटक वाजलं. भर पावसात पाच किलोमीटर गाडी ढकलत आले होते. वळणावर मागची हवा एकदम गेली, गाडी सरकली. वेग कमी होता म्हणून निभावलं. मला काहीच बोलले नाहीत. ते न बोलणंच जास्त लागलं.

सकाळी मीही दुकानात गेले. चाचांनी टायर फिरवून दाखवला. नक्षी पार गुळगुळीत आणि कडेला बोटभर चीर. "ताई, इथे कितीही ठिगळं लावा, उपयोग नाही," ते म्हणाले.

मैत्रिणींनो, त्या दिवशी मी जे शिकले ते तुमच्याही उपयोगाचं आहे. गाडी ह्यांची असो की आपली स्कूटी, पैशाचा निर्णय शेवटी आपल्यापाशीच येतो ना!

खिळा टायरच्या मधल्या, रस्त्याला टेकणाऱ्या भागात घुसला असेल, भोक लहान असेल आणि नक्षी चांगली असेल, तर खुशाल पंक्चर काढा. पण टायरच्या कडेला चीर असेल, फुगा आला असेल किंवा आतले धागे दिसत असतील, तर टायर बदलायचाच. चाक फिरताना कडेचा भाग सतत दबतो आणि सुटतो, त्यामुळे तिथे ठिगळ टिकत नाही. आतून जुन्या टायरचा तुकडा लावून काम भागवणं तर नकोच. हवा गेलेली गाडी बरंच अंतर तशीच चालवली असेल, तर टायर उतरवून आतूनही बघायला सांगा.

टायर झिजला हे कसं ओळखायचं? त्याच्या कडेला छोटा त्रिकोण किंवा 'टीडब्ल्यूआय' ही अक्षरं असतात. त्याच रेषेत खाचेत रबराचा बारीक उंचवटा दिसतो. नक्षी झिजून त्याच्या बरोबरीला आली, की टायरचं आयुष्य संपलं. अशा टायरात खिळे-काटे लवकर घुसतात आणि ओल्या रस्त्यावर त्याची पकड राहत नाही.

नवा घेताना कडेवरचे चार आकडे वाचा. '२३१९' म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला टायर स्वस्त मिळाला तरी नको. नवा टायर सुरुवातीला थोडा निसरडा असतो, म्हणून पहिले शंभर-दीडशे किलोमीटर बेतानं चालवायचं. आणि पंधरा दिवसांतून एकदा तरी, गाडी गार असताना, हवा तपासून घ्यायची. कमी हवेनं टायर तापतो आणि लवकर जातो.

टायर आम्ही त्याच दिवशी घेतला. फीचा हप्ता शाळेत विनंती करून पंधरा दिवस पुढे ढकलला. तो ढकलता आला!

आता महिन्याच्या एक तारखेला किराणा मालाची यादी करायच्या आधी मी अंगणात वाकून दोन्ही टायर बघते. हे हसतात. हसू देत बापडे.