रुग्णालयांतील स्वच्छता : जबाबदारी कोणाची?

पनवेल हें जुन्या वहिवाटीचें गांव. मुंबईहून पुण्याकडे किंवा कोंकणाकडे निघालेला प्रवासी येथूनच पुढें जातो, आणि आसपासच्या खेड्यांतला व आदिवासी वाड्यांतला आजारी मनुष्य उपचारासाठीं येथेंच येतो. या गांवाला नगरपालिका मिळाली ती १८५२ सालीं. १ ऑक्टोबर २०१६ रोजीं तिची महानगरपालिका झाली. रस्ता झाडण्यासाठीं, गटार वाहतें ठेवण्यासाठीं माणसें नेमावीं लागतात, आणि त्यांच्याकडून काम करवून घेणारा कोणी तरी ठरलेला असावा लागतो, हें तत्त्व अशा गांवांनीं फार पूर्वींच मान्य केलेलें आहे. तेंच तत्त्व रुग्णालयाच्या खोलीला लावून पाहावें, एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे.

रुग्णालयांत आप्ताला भेटून आलेला मनुष्य घरीं येऊन काय सांगतो? डॉक्टर भले आहेत, औषधें चांगलीं आहेत. पण खाटेखालीं कालचा कापसाचा बोळा तसाच पडलेला आहे, आणि न्हाणीघरांत पाऊल टाकवत नाहीं. याविषयीं तेथें विचारपूस केली असतां परिचारिका म्हणते, तें वॉर्डबॉयचें काम. वॉर्डबॉय म्हणतो, तें मावशींचें. मावशी म्हणतात, फिनेल संपलें. आणि फिनेल मागविणारा कारकून म्हणतो, मागणीपत्र मंजूर होऊन आलेलें नाहीं. यांपैकीं कोणीहि खोटें बोलत नसेल. तरीहि बोळा जागचा हलत नाहीं. सर्वांचें जें काम, तें कोणाचेंच नव्हे, हा अनुभव आपणां सर्वांना घरींहि येतो. मात्र घरांत त्यामुळें फार तर पाहुण्यांपुढें लाज वाटते. रुग्णालयांत जीवावर बेततें.

कारण रुग्णाच्या खोलींतील घाण ही केवळ डोळ्यांना खुपणारी गोष्ट नव्हे. शस्त्रक्रियेची ताजी जखम, शिरेंत घातलेली सुई, मूत्रमार्गांतील नळी, या सर्व रोगजंतूंना शरीरांत शिरण्याच्या वाटा होत. शेजारच्या खाटेवरील रोग्याचे जंतु खाटेचा कठडा, दाराची मूठ, दिव्याचें बटण आणि शुश्रूषा करणाऱ्यांचे हात यांच्या द्वारें दुसऱ्यापर्यंत पोहोंचतात. एका दुखण्यासाठीं आलेला मनुष्य अशा रीतीनें दुसरेंच दुखणें घेऊन घरीं जातो, किंवा जातच नाहीं.

आतां दोष दाखवावयाची वेळ आली म्हणजे आपलें बोट प्रथम केरसुणी हातीं असणाऱ्याकडे वळतें. इतिहास मात्र निराळें सांगतो. व्हिएन्नाच्या सार्वजनिक रुग्णालयांत गेल्या शतकाच्या मागील शतकांत दोन प्रसूतिविभाग होते. एकांत डॉक्टर व वैद्यकीय विद्यार्थी काम करीत, दुसऱ्यांत सुइणी. सूतिकाज्वरानें मरणाऱ्या बाळंतिणी पहिल्या विभागांत कितीतरी अधिक असत. १८४७ सालीं इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरानें त्याचें कारण हेरलें. शवविच्छेदन करून आलेले विद्यार्थी त्याच हातांनीं बाळंतिणींना तपासीत होते. त्यानें क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यानें हात धुण्याची सक्ति केली. एप्रिल महिन्यांत शेंकडा अठराच्या घरांत असलेलें मृत्यूचें प्रमाण जून महिन्यांत शेंकडा दोनच्या घरांत आलें. म्हणजे त्या विभागांत अस्वच्छ हात होते ते विद्वानांचे. त्या विद्वानांपैकीं अनेकांना ही गोष्ट रुचली नाहीं, आणि सेमेलवाइसला व्हिएन्ना सोडावें लागलें. स्वच्छतेची जबाबदारी पदाबरोबर कमी होत नाहीं, हा यांतील बोध आहे.

आपल्याच राज्यांतील एक अलीकडचें उदाहरण घेऊं. २०२३ च्या ऑक्टोबर महिन्याच्या आरंभीं नांदेडच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयांत चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले. त्यांत १२ नवजात अर्भकें होतीं. साऱ्या महाराष्ट्रांत हळहळ व्यक्त झाली. ३ ऑक्टोबर रोजीं एका खासदारांनीं रुग्णालयास भेट दिली, तेथील अस्वच्छ शौचकूप पाहिला, आणि प्रभारी अधिष्ठात्यांच्या हातीं झाडू देऊन तो त्यांच्याकडून स्वच्छ करविला. पुढें या प्रकरणीं खासदारांवर गुन्हाहि नोंदविण्यात आला. लोकांचा संताप स्वाभाविक होता. परंतु विचार करण्यासारखी गोष्ट अशी कीं, त्या दिवशीं एक शौचकूप स्वच्छ झाला. दुसऱ्या दिवशीं तो कोणीं, किती वाजतां आणि कोणत्या साहित्यानें धुवावयाचा, हें त्यांतून ठरलें नाहीं. शिवाय ज्या समाजांत झाडण्याचें काम पिढ्यान्‌पिढ्या जन्मावरून लादलें गेलें, तेथें झाडू हातीं देणें ही शिक्षा ठरविली, तर तेंच काम रोज करणाऱ्याचा आपण काय मान राखला?

मग खरी जबाबदारी म्हणजे काय? तिचीं तीन अंगें आहेत. पहिलें अंग, नेमणूक. कोणती खोली, कोणत्या पाळींत, कोणाकडे, हें नांवानिशीं लिहिलेलें असावें. 'मावशी' आणि 'मामा' हीं संबोधनें गोड खरीं; पण त्यांच्यामागें एक नांव, एक हुद्दा आणि वेळेवर मिळणारें वेतन असलें पाहिजे. दुसरें अंग, साधन. कोरडी केरसुणी धूळ उडवून जंतु पसरविते, म्हणून जमीन ओल्या फडक्यानें, स्वच्छ भागाकडून अस्वच्छ भागाकडे पुसावयाची असते. त्यासाठीं निरनिराळ्या बादल्या, जंतुनाशक द्रव आणि हातमोजे लागतात. हें साहित्य न देतां जाब विचारणें हा अन्याय होय. तिसरें अंग, तपासणी. काम केल्याची सही एकाची आणि पाहिल्याची सही दुसऱ्याची, अशी वेळेची नोंद दारापाशींच लटकत असली म्हणजे सबबींना वाव उरत नाहीं.

यांत नवें असें कांहीं नाहीं. केंद्र सरकारनें २०१५ सालीं 'कायाकल्प' योजना सुरू केली. तींत सरकारी रुग्णालयांना देखभाल, स्वच्छता, कचऱ्याची विल्हेवाट, जंतुसंसर्गाचें नियंत्रण इत्यादि बाबींवर गुण दिले जातात, आणि ही परीक्षा घेण्यास बाहेरचे तपासनीसहि येतात. २०१६ च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांनीं रंग ठरवून दिले आहेत. रक्ताळलेला कापूस पिवळ्या पिशवींत, नळ्यांसारखें दूषित प्लास्टिक लाल पिशवींत, सुया पांढऱ्या अभेद्य डब्यांत आणि कांच निळ्या खोक्यांत. तेव्हां खाटेखालच्या त्या बोळ्याला कायद्यानें घर नेमून दिलेलें आहे. उणीव आहे ती त्याला तेथें पोहोंचविणाऱ्या आणि पोहोंचला कीं नाहीं हें पाहणाऱ्या माणसाची.

आपण कुटुंबीयांनीं काय करावें? प्रथम, भेटीस जातांना हात धुवावे, खाटेवर बसूं नये, आणि फराळाचे कागद तेथें टाकूं नयेत. जाब विचारणाराच कचरा करूं लागला तर त्याचा शब्द कोण ऐकेल? त्यानंतर मात्र संकोच सोडावा. मावशींवर ओरडण्याऐवजीं विभागप्रमुख परिचारिकेला शांतपणें विचारावें, "ही खोली या पाळींत कोणाकडे आहे, आणि शेवटची केव्हां पुसली?" उत्तर मिळालें तर आभार मानावे, न मिळालें तर तोच प्रश्न लेखी करून वरिष्ठांकडे द्यावा. तक्रार माणसाविरुद्ध करण्यापेक्षां रिकाम्या राहिलेल्या जागेविरुद्ध करावी. त्या पाळीला सफाईचा मनुष्यच नेमलेला नाहीं, असें पुष्कळदां त्यांतून उघडकीस येईल, आणि तें उघडकीस येणेंच हिताचें आहे.

खाटेवरचा रुग्ण बहुधा बोलत नाहीं. त्याला ग्लानि असते, किंवा ज्यांच्या हातीं आपला जीव आहे त्यांना दुखवूं नये अशी भीति असते. म्हणून त्याच्या वतीनें हा साधा प्रश्न विचारणें हें खाटेशेजारीं बसलेल्या प्रत्येकाचें कर्तव्य आहे.